एक खिळा बी काढू नका

नानाकाका गेले जानेवारी 2024 मध्ये आणि सांगलीचं घर विकलं गेलं फेब्रुवारी 2025 मध्ये. मधल्या 13 महिन्यांत मी पुणे-सांगली किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही, पण पेठनाक्याच्या एका हॉटेलातला वेटर मला न विचारता चहा आणायला लागला होता यावरून अंदाज करा. बरेच जण विचारतात की एवढ्या स्वस्तात का दिलं, साफसफाई करून रंग मारून विकलं असतंस तर 10-15 लाख जास्त आले असते. प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

घर गावभागात, नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि टीचभर परसू, वर एक खोली आणि माळा. नाना एकटेच, लग्न केलं नाही, पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. आणि घरात काय होतं तर सगळं होतं. सोप्यात शिरलं की समोर छातीएवढ्या पेपरच्या थप्प्या, सुतळीनं बांधलेल्या, त्यातून जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, ती वाट माजघरातल्या कॉटपर्यंत जायची आणि कॉटवर पण अर्ध्या भागात नाना आणि अर्ध्या भागात छत्र्या. धुऊन वाळवून घडी केलेल्या दुधाच्या पिशव्या. श्रीखंडाचे डबे, त्यात लहान डबे, त्यात अजून लहान, सगळ्यात आतल्यात रबरबँड. 1980 पासूनच्या लग्नपत्रिका. एसटीची तिकिटं, कप्पे पाडून. बंद पडलेली 14 घड्याळं. उंदराचे 9 पिंजरे, पैकी 8 दुकानातून आणले तसेच दोरी न सोडलेले, आणि घरात उंदीर म्हणाल तर रात्री सोप्यात कुणी झोपू शकायचं नाही.

आम्ही लहानपणी हसायचो, नानाकाका चिकट आहेत म्हणायचो. ते चिकट नव्हते हो. दर दिवाळीला आम्हाला सगळ्यांना कपडे त्यांच्याकडून असायचे. माझा भाचा मानसशास्त्र शिकतोय त्यानं सांगितलं की हा वेगळा आजार आहे, 2013 साली अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी आपल्या यादीत तो स्वतंत्र नावानं घेतला, त्यात वस्तू टाकायची वेळ आली की माणसाला खरंच त्रास होतो, आणि वय वाढेल तसं हे वाढत जातं. मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही, कारण 2016 मध्ये मी आणि बाबांनी त्यांना दोन दिवस पुण्याला नेऊन मागे माणसं लावून अर्धा सोपा रिकामा केला होता. आले, बघितलं, काही बोलले नाहीत. पुढचे आठ महिने आमचे फोन उचलले नाहीत आणि सोपा परत भरला, आधीपेक्षा जास्त.

आत्या म्हणते हे सगळं 2005 च्या पुरानं झालं. तेव्हा खालच्या मजल्यावर पाणी होतं आणि नानांची नोकरीची कागदपत्रं भिजून लगदा झाली, नंतर पेन्शनच्या वेळी कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी 1979 ची एक पावती मागितली आणि ती नाही म्हणून त्यांना वर्षभर फिरवलं. त्यानंतर त्यांनी कागद टाकणं बंद केलं. आधी नुसते कागद, मग बाकीचं. 2019 ला तर आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी 45 आहे, तेव्हा बोटीतून बाहेर काढायला आलेल्या पोरांना नाना वरच्या खोलीच्या खिडकीतून म्हणत होते की आधी ही पोती घ्या. 2021 ला परत पाणी. प्रत्येक पुरात खालचं भिजायचं आणि पाणी ओसरलं की नाना तो चिखलाळलेला माल गच्चीवर वाळवून परत आत आणायचे. त्या घराचा वास मला अजून कधीकधी माझ्या ओढणीला येतो असं वाटतं.

असो. विक्रीचं सांगते.

पहिल्यांदा सगळ्यांसारखं आम्हीही ठरवलं की साफ करू आणि विकू. दिवाळीनंतर मी चार दिवस सुट्टी टाकून गेले, मास्क, ग्लोव्हज, काळ्या पिशव्या, सगळं घेऊन. चार दिवसांत किती झालं? एक कोपरा. कारण मी प्रत्येक थप्पी चाळत होते. आणि न चाळता चालणार नव्हतं, कारण त्याच पसाऱ्यात कुठंतरी घराचं मूळ खरेदीखत होतं. नानांनी ते घर 1986 मध्ये 62 हजाराला घेतलेलं. वकील म्हणाले, दुय्यम निबंधकांकडून खरेदीखताची प्रमाणित नक्कल मिळेल, प्रॉपर्टी कार्डावर नाव आहेच, काम अडणार नाही, पण मूळ कागद नाही म्हटलं की घेणाऱ्याच्या डोक्यात पहिली शंका येते की तो कुठल्यातरी बँकेत किंवा सावकाराकडे ठेवून पैसे तर उचलले नाहीत ना. मूळ कागद नुसता ठेवून घेऊनही गहाण होतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. तर तो कागद सापडला नवव्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या खेपेला, पिठाच्या डब्यात, तीन पिशव्यांत गुंडाळून. पुरापासून वाचवायला स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. एवढ्या पसाऱ्यात त्या माणसानं नेमकी हीच वस्तू योग्य जागी ठेवली होती.

त्याच शोधात एका श्रीखंडाच्या डब्यात नोटा मिळाल्या. जुन्या. 500 च्या आठ आणि 1000 च्या तीन, 2016 च्या नोटबंदीतल्या. मी हा विषय सीएला सहज म्हणून सांगितला तर तो म्हणाला, मॅडम, 2017 च्या कायद्यानं या नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत, मग कितीच्या का असेनात. आणि आमच्याकडे 11. बाबांनी एक उचलून स्वतःच्या पाकिटात टाकली आणि म्हणाले, आता तुझ्याकडे दहा, माझ्याकडे एक, दोघंही कायद्यात. त्या अख्ख्या वर्षात बाबा मनापासून हसले ते तेवढं एकदाच.

वारसांचं पण सांगायला पाहिजे कारण यात लोक फसतात. नानांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मला वाटायचं तीन भावंडांची तीन घराणी, तीन वाटे. थोरले काका 2011 लाच गेले, त्यांचा मुलगा इचलकरंजीला आहे, त्यालाही असंच वाटत होतं. वकिलांनी सांगितलं की घर नानांचं स्वकष्टाचं, त्यांना बायको-मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हयात भाऊ-बहीण घेतात, आधी वारलेल्या भावाच्या मुलांचा नंबर त्यानंतर, म्हणजे बाबा आणि कोल्हापूरची आत्या असतील तर त्याला काहीच नाही. हे त्याला फोनवर सांगायची पाळी माझ्यावर आली. दोन महिने बोलला नाही. शेवटी बाबा आणि आत्यानं आपापल्यातून त्याला काही रक्कम द्यायचं ठरवलं, किती ते इथे लिहीत नाही, आणि त्यानं खरेदीखतावर संमती देणारा म्हणून सही केली. कायद्यानं गरज नव्हती पण घेणाऱ्याला हवी होती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तरुण जोडपं, दोघं नोकरीवाले, 52 लाखापर्यंत यायला तयार होते पण होमलोनवर. बँकेचा व्हॅल्युएशनवाला माणूस आला, दारात उभा राहिला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला मागची खोली कशी मोजायची? मोजता येईना. त्यात घर जुनं, मंजूर नकाशा हाताशी नाही, आणि पूररेषेचा प्रश्न. नदीकाठच्या गावात नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि आमचं घर त्या दोन्हीच्या मधे. लोन गेलं, जोडपं गेलं. ती मुलगी जाताना म्हणाली, ताई खिडक्या फार छान आहेत. खिडक्या! मी त्या घरात इतक्या वर्षांत खिडक्या बघितल्याच नव्हत्या, त्यांच्यापुढं पोती होती.

मग एजंटनं रोखीचं गिऱ्हाईक आणलं. रोखीचं म्हणजे लोन नको असलेलं असं मी समजले, त्याचा अर्थ थोडा वेगळा होता. हळदीच्या धंद्यातला माणूस, पन्नाशीचा, स्वभावानं चांगला निघाला पण सुरुवात त्याची ठरलेली. चपला बाहेर काढून त्या घाणीत आत आला, हे मला आवडलं. आडवा होऊन माजघरापर्यंत गेला, वर बघितलं, कडीपाटाला बोटानं टकटक केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, हाय तसं घेतो. आतलं सगळं माझं. एक खिळा बी काढू नका." आणि आकडा सांगितला 35 व्हाईट, वर 5 कॅश.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला तिकडे हा मोठा धंदाच आहे, अशी भरलेली, मोडकी घरं जशी आहेत तशी आठवड्या-दोन आठवड्यांत कॅशमध्ये घेतात, आणि त्यांचं गणित ठरलेलं असतं, दुरुस्तीनंतर घर जेवढ्याला जाईल त्याचे 70 टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, तो आकडा द्यायचा. मी कागदावर मांडलं. नीट केलेलं घर आमच्या बोळात साधारण 62 ला गेलं असतं. 70 टक्के म्हणजे 43 लाख 40 हजार. दुरुस्तीचे 8 धरले तर 35 लाख 40 हजार. हळदवाल्यानं कुठं अमेरिका बघितली होती, तरी व्हाईटचा आकडा जवळजवळ तोच!

पण वरचे 5 कॅश घ्यायचे नव्हते, त्यात आदर्शवाद वगैरे कमी आणि सीएची भीती जास्त. घर-जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रक्कम रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, म्हणजे 5 लाख घेतले तर 5 लाख दंड, आणि तो रोकड घेणाऱ्याला, म्हणजे आम्हाला. इसार म्हणून तो 51 हजार रोख काढत होता तेसुद्धा मी परत त्याच्या हातात दिले आणि चेक मागितला, एजंटचा चेहरा असा झाला की मी त्याच्या ताटातली पोळी काढून घेतली.

दुसरं, जे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. स्वस्तात द्यायलाही मर्यादा आहे. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या दरानं, घराची किंमत येत होती 42 लाखाच्या आसपास. आपण त्यापेक्षा फार खाली विकलं, म्हणजे रेडी रेकनरचा आकडा आपल्या किमतीच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर आयकरवाले आपल्याला 42 च मिळाले असं धरून कर लावतात, आणि घेणाऱ्यालाही मधल्या फरकावर कर बसू शकतो. आता 35 चे 110 टक्के होतात साडेअडतीस, 42 पर्यंत पोचतच नाहीत. हाच कागद मी हळदवाल्यासमोर ठेवला. त्यानं चष्मा लावला, दोनदा वाचला, त्याच्या सीएला फोन लावला, बाहेर बोळात जाऊन दहा मिनिटं बोलला आणि आत येऊन म्हणाला, "मग 40 करा, सगळं एक नंबरमध्ये." माझ्या आयुष्यातली सर्वात यशस्वी घासाघीस आणि ती मी केलीच नाही, रेडी रेकनरनं केली.

आणि मग ती भिंत. मागच्या खोलीतली, नदीकडची. 2019 च्या पुरानंतर ती मधेच पोट काढल्यासारखी बाहेर आलेली, आणि तिच्यापुढं नानांनी पेपरच्या थप्प्या रचलेल्या, टेकू म्हणून का जागा म्हणून देव जाणे. खरेदीखत शोधताना दोन थप्प्या हलवल्या तेव्हा मला ती दिसली. घेणाऱ्याला दिसणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, गप बस, तो हाय तसं घेतोय ना. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, आपल्याला माहीत असलेला आणि समोरच्यानं नेहमीची काळजी घेऊनही दिसला नसता असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचाच असतो, आहे तसं म्हटलं म्हणून तोंड मिटून बसता येतं असं समजू नका. सांगितलं. त्यानं एक लाख कमी केले. 39. बाबा तीन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांचं काही चुकलं असं नाही म्हणत, एक लाख म्हणजे एक लाख, पण पावसाळ्यात ती भिंत कुणाच्या तरी अंगावर आली असती तर मी झोपले नसते.

साठेखतात, म्हणजे खरेदीखताच्या आधीच्या करारात, दोन ओळी मी हट्टानं घालून घेतल्या. एक, घर आतील सर्व चीजवस्तूंसह दिलेलं आहे आणि त्या हलवायची जबाबदारी घेणाऱ्याची. दुसरी, त्यात सोनं, ठेवीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, महत्त्वाचे कागद असं काही सापडलं तर ते आम्हाला परत. दुसरी ओळ वाचून तो हसला, म्हणाला ताई सापडलं तर मीच फोन करीन की. आणि केलाही. नानांचं एसएससीचं सर्टिफिकेट आणि एक मोठी चावी, कशाची ते कुणालाच माहीत नाही.

पैसे आरटीजीएसनं बाबा आणि आत्याच्या खात्यात निम्मे निम्मे आले. स्टॅम्प ड्यूटी त्याची. आमच्याकडे राहिला विक्रीतल्या नफ्यावरचा कर, तो असा की वारसानं आलेल्या घराला नानांची खरेदीची तारीख लागते, 2001 च्या आधीची खरेदी म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो, आणि जुलै 2024 च्या बजेटनंतर आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के साधा किंवा इंडेक्सेशन करून, म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून, 20 टक्के, जो कमी पडेल तो. बाबांना 20 वाला कमी पडला, आत्यालाही. कमी म्हणजे अगदीच कमी, कारण 2001 पासून गावभागात भाव काय वाढलाय, दर पुराला खालीच येतो.

तर एवढ्या स्वस्तात का दिलं याचं उत्तर. हिशेबानं बघितलं तर साफ करायला माणसं, ट्रॉल्या, रंग, भिंत, पुढचं एखादं वर्ष आणि मधे एक पावसाळा हे सगळं वजा करता आमचे 6-7 लाख गेले असं वाटतं, 15 नाही. पण खरं कारण ते नाही. 2016 ला सोपा रिकामा झाल्यावर नाना दारात उभे होते ते मी बघितलंय. ती प्रत्येक पिशवी हातात घेऊन ही टाकायची, ही ठेवायची, हे परत मला करायचं नव्हतं. ज्या माणसाला त्या पिशव्यांचं काही देणंघेणं नाही त्यानं ते करावं यासाठी मी ते पैसे दिले असं समजा. महाग पडलं का? असेल. मला परत विचारलं तर परत देईन.

घरातून मी फक्त कालनिर्णय आणली, 20-22 वर्षांची. नाना रिटायर झाल्यावरही पावसाळ्यात रोजच्या चौकटीत बारीक अक्षरात आयर्विनची पातळी लिहायचे, फूट आणि इंच, शेजारी कोयनेतून किती सोडलं ते. ऑगस्ट 2019 च्या पानावर एक एक दिवस आकडा चढत जातो आणि मग चार चौकटी रिकाम्या आहेत, कारण तेव्हा ते शेजारच्या शाळेत छावणीत होते आणि कालनिर्णय घरी भिंतीवर. पुढच्या चौकटीपासून परत आकडे, उतरते. आत्यानं पितळी तांब्या आणि घंगाळं नेलं. बाबांनी काही नेलं नाही, ती एक हजाराची नोट सोडून.

हळदवाल्याच्या माणसांनी पाच दिवसांत 9 ट्रॉल्या भरल्या. रद्दी आणि भंगाराचे पैसे त्याचेच, ठरल्याप्रमाणे, किती आले ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

परवा शेजारच्या वहिनींचा फोन आला. मला वाटलं घराची आठवण वगैरे काढतायत. तर त्या म्हणाल्या, "अगं, तुमचं घर मोकळं झालं आणि उंदरं समदी आमच्यात आलीत बघ. नानांच्यात ते पिंजरं होतं न्हवं का नवंकोरं, एखादा तरी काढून ठेवलायस काय?"

सगळे 9 च्या 9 ट्रॉलीतून गेले होते.

"बघते वहिनी," म्हटलं, आणि ऑनलाइन दोन मागवून त्यांच्या पत्त्यावर पाठवले.